कारणाचा रकाना

जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर
आणि कांद्यांच्या पिशवीच्या मधे
एक यंत्र घुमत असतं.
त्यात दोनशे बारा माणसं राहतात.

हल शहरात याचं नवल नाही.
इथं नगरपालिकेचं स्वतःचं टेलिफोन खातं होतं,
म्हणून रस्त्यावरचे फोनचे खोके
लाल नाहीत, सायीच्या रंगाचे आहेत.
मॉरीन थर्केल म्हणते, लंडनकडून आवाज
उसना घ्यायची आम्हाला सवयच नव्हती.

मॉरीन, बेरिवान आणि मी,
तिघं मिळून राखण करतो.
नियम सात. आठवा लिहायचा होता,
पण चहा संपला.
एरवी काम म्हणजे
कुणी कुणाच्या मांजराला लठ्ठ म्हणालं,
कुणी निवडणुकीच्या रात्री पिऊन लिहिलं
आणि सकाळी स्वतःच पुसलं.

मार्चमध्ये शेजारच्या सर्व्हरवरून अकरा जण आले.
बेरिवानच्या लाँड्रीचा पत्ता, तिच्या लेकीच्या शाळेचं नाव,
पुढे जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही.
शेजारचा मालक ग्रॅहम एलरबी, गूलचा,
सभ्य माणूस. तीन पत्रांना एकच उत्तर:
मी कुणाच्या तोंडाला कुलूप लावत नाही.

अकरा. त्याच्याकडे माणसं तीनशे अडतीस.
एकेकाला अडवलं की नवं नाव घेऊन परत येतात,
रंग दिलेल्या भिंतीतून ओल यावी तसे.
उरतं एक बटण.
सगळ्यांना मिळून एकच.

मत घेतलं वाचनालयाच्या वरच्या खोलीत,
हीटर बंद, कोट अंगावरच.
मॉरीन म्हणाली, तोडा.
बेरिवान बराच वेळ गप्प, मग म्हणाली, नको.
तिकडे एक वॉल्टर आहे.
रोज पहाटे हंबरच्या भरतीची उंची लिहितो,
मीटर, सेंटिमीटर, बाकी एक शब्द नाही.
दुकान उघडताना मी ती वाचते.
त्यानं काय केलंय?

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

या बटणासाठी माझ्याकडे एक शब्द आहे,
त्यांना सांगता आला नाही.
वाळीत.
खाडीकाठच्या आमच्या गावात बापूकाकांनी
देवळाच्या हिशेबाची वही मागितली होती.
नुसती बघायला.
गावकी बसली, उठली.
दुसऱ्या दिवसापासून वाण्यानं काडेपेटी दिली नाही,
न्हाव्यानं वस्तरा धरला नाही,
आणि सहा वर्षांनी तिरडीला खांदा द्यायला
दोघं पलीकडच्या तीरावरून होडीनं आले.
उरलेले दोन म्हणजे माझे वडील आणि मी.
मी तेव्हा बुटका होतो.
काका स्मशानापर्यंत एका बाजूला कललेले गेले.
कुणी ठरवलं, असं वडिलांनी दारोदार विचारलं.
सगळे म्हणाले, गावानं.

मी म्हणालो, तोडा.

पहाटे कपाटातलं यंत्र तसंच घुमत होतं.
त्या रात्री बेरिवानला महिन्यानंतर झोप लागली,
आणि झोप लागली याचाच तिला राग आला,
असं तिनं पुढच्या आठवड्यात सांगितलं,
चादरींच्या घड्या घालता घालता.
भरतीची उंची आली नाही.
मी वॉल्टरला मेल पाठवली: आमच्याकडे या, जागा आहे.
पत्ता चुकीचा असेल.
किंवा बरोबर असेल.

आमची वही उघडी असते, कुणीही बघावी.
तारीख. सर्व्हरचं नाव. कुणी तोडलं.
तिथं मी तिघांची नावं लिहिली,
बेरिवानच्या नावापुढे 'नको'.
शेवटचा रकाना कारणाचा.
अकरा, असं लिहिलं.
खाली लिहिलं, तीनशे सत्तावीस,
आणि पुढे काही सुचेना.
कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर नदीला पाणी चढत होतं.
किती, ते मला सांगता येणार नाही.