सरळ रेषेत

सातपूरच्या कारखान्यात मी मापं तपासतो.
एकवीस वर्षं झाली.
व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो आणि नो-गो.
गेज आत गेला तर पास, अडला तर बाद.
आणि घरी भार्गवी विचारते,
बाबा, आजचा चेंडू कालच्यापेक्षा जोरात होता ना?
उभ्या आयुष्यात अंदाजानं
एक बुशसुद्धा पुढे न सोडलेला माणूस मी,
म्हणतो, हो गं, असेल.

असेल.
हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही.

म्हणून रडार गन.
पहिली पाहिली तिची किंमत ऐकून
दुकानदाराला म्हटलं, परत सांगा,
त्यानं परत सांगितलं, तेवढीच होती.
दुसरी बोनसमध्ये बसत होती,
पण मग बोनसमध्ये दुसरं काहीच बसत नव्हतं.
तिसरी खिशाला परवडणारी, हलकी, पिवळी, खेळण्यासारखी.
खोक्यावर लिहिलेलं:
मोटार साडेचारशे मीटरवरून दिसते,
चेंडू सत्तावीस मीटरवरून.
बरोबरच आहे, म्हटलं.
लहान वस्तू दिसायला जवळच जावं लागतं.

शेवटी शरणपूरचे सायमन भंडारे भेटले.
एके काळी बेसबॉल शिकवायचे,
आता उजवा खांदा शर्टात घालायलाही बायको लागते.
त्यांनी कपाटातून जुनी गन काढली,
रुमालात गुंडाळलेली.
साडेचार हजार. बॅटरीचं झाकण नाही, रबर लावा.
आणि आकडा मैलांत येतो, तेवढं सांभाळून घ्या.

मी तपासल्याशिवाय काही घेत नाही.
खैरनारला त्र्यंबक रोडवर पिटाळलं,
स्कूटरचा काटा चाळीसवर धर म्हणालो
आणि कडेला गन रोखून उभा राहिलो.
समोरून येणाऱ्या तिघांनी घाईघाईनं हेल्मेट घातलं.
एकजण तर उतरून गाडी ढकलत गेला.
गन म्हणाली तेवीस, म्हणजे सदतीस.
खैरनार म्हणे तुझी गन कमी सांगते,
मी म्हणे तुझी स्कूटर जास्त सांगते.
दोन दिवस आमचा चहा वेगवेगळा.

रविवारी शाळेच्या मैदानावर
कुंपणापाशी, माझ्या नेहमीच्या जागी,
शेवग्याच्या सावलीत उभा राहिलो.
भार्गवीनं पाय उचलला, हात फिरला.
एक्केचाळीस.
तिचं तोंड उतरलं. फक्त एक्केचाळीस?
मैलांत आहे, म्हटलं, गुणायचं असतं,
पण गुणाकारानं कोणाचं तोंड वर येतं का?

तेव्हा बाकावरून भंडारे ओरडले,
अहो, तिरके काय उभे राहता!
बाजूनं पाहिलं की वेग कमीच दिसतो.
चेंडू ज्याच्याकडे येतो
त्यालाच त्याचा खरा वेग कळतो.

कोन. मला कळायला हवं होतं.
रोज कोन मोजणारा माणूस मी,
आणि तीन वर्षं
कुंपणापाशीच उभा.

गेलो मग कॅचरच्या मागे, जाळीला चिकटून.
सावली नव्हती तिथं.
समोर ती, एवढी लांब, एवढीशी,
आणि तिच्या हातातून सुटलेलं पांढरं काही
थेट माझ्या कपाळाकडे.
धप्प.

बाबा, किती?
माहीत नाही.
माहीत नाही म्हणजे?
म्हणजे, डोळे मिटले गं माझे.

ती हसली. कॅचर पोरगी हसली.
भंडारे एका खांद्यानं हसले.
गन मात्र आकडा धरून बसली होती,
रबरानं बांधलेली, बिचारी, न घाबरता:
अठ्ठेचाळीस.

सत्त्याहत्तर! मी ओरडलो, ताशी सत्त्याहत्तर किलोमीटर!
आणि खिशातून डायरी काढली,
तारीख टाकली, वेळ टाकली,
तपासणाऱ्याच्या नावापुढं सही केली.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.

परत टाकू? तिनं विचारलं.
टाक, म्हटलं.
या वेळी एक डोळा उघडा ठेवतो.