टिक

बस आधी. नाही, चावी नको फिरवूस अजून.
टेस्नी ना तू? इस्पितळातली, रात्रपाळीवाली.
डोळ्यांत झोप घेऊन गाडी घ्यायला येऊ नये कुणी,
पण मीही तशीच आले होते, चौऱ्याहत्तर साली,
लोकरीच्या गिरणीचा बोनस मोज्यात कोंबून.

हिरव्या रंगावर भाळलीस, कळलं मला.
दिसतं तसं नसतं,
आणि पत्र्याच्या बाबतीत तर नसतंच.
ही दाराखालची पट्टी, वाक, बोट फिरव,
हिच्या जिवावर उभी आहे सगळी गाडी.
जॅक लाव, चाक उचल, आणि मग दार लावून पाहा.
लागलं, तर पुढचं बोल.
नाही लागलं, तर विकणारी कितीही गोड बोलो,
पैसे खिशात ठेव नि बसने घरी जा.
माझं लागतं. मी म्हणते म्हणून मानू नकोस,
लाव.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला:
माझ्या मसाल्याच्या पावत्या त्या बिस्किटाच्या डब्यात आहेत.
वाच सावकाश. पण आज नको, आज तू आनंदात आहेस.

तेल गळेल. दारातला डाग पुसत बसू नकोस,
त्याचं माप घे.
काल बशीएवढा होता, आज ताटाएवढा झाला,
तर ग्विलिमला फोन कर, बाला गावातल्या.
हात सोन्याचे, जीभ दगडाची.
त्याला सगळं विचार, फक्त ‘कधी देणार’ विचारू नकोस.

चोक ओढ, पण तळ्याच्या वळणापर्यंत आत ढकल,
नाहीतर धुराने मेंढ्या खोकतात.
चाकांच्या नटावर तांब्याचाच हातोडा.
लोखंडाचा मारलास, तर कान तुटतात त्याचे,
आणि आवाज माझ्या घरापर्यंत येईल.
रस्त्यावर मीठ टाकलं, की बाहेर काढायची नाही.
पण झाकूनही ठेवायची नाही महिनोन् महिने.
पांघरुणाखाली मेलेल्या गाड्या
रस्त्यावर मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात मी.

अजून एक.
सीटमागे दोन बॅटऱ्या आहेत, दोन्ही नव्या.
का, ते कुणालाच सांगितलं नाही.

इडवालला ही गाडी कधीच आवडली नव्हती.
चाळीस वर्षं शेजारी बसला, टोपी गुडघ्यांवर धरून,
वळणावर पाय असा दाबायचा, जणू त्याच्या बाजूलाही ब्रेक होता.
मग त्याला माझं नाव आठवेना.
मग जेवण कशाने करतात, ते.
संध्याकाळ झाली की घरभर फिरायचा,
मला घरी जायचंय, म्हणायचा, घरातच.

एकदा इथे आणून बसवलं.
चावी अर्धी फिरवली, नुसतीच.
मागे पेट्रोलचा पंप वाजला, भराभरा पाच-सहा वेळा,
मग थांबला.
मग कितीतरी वेळ काही नाही.
मग, टिक.
इडवालने मान वळवली.
टोपी मागितली, गुडघ्यांवर ठेवली.
पुढच्या टिकची वाट पाहत बसला
अर्धा तास, पाऊण तास, न हलता.
हिवाळाभर बसलो असे. दरवाजा बंद, गाडी जागची जागी.
त्यात गेल्या त्या बॅटऱ्या.
ग्विलिम म्हणाला, दिवा चालू राहिला असेल.
मी म्हटलं, असेल.

पंप कधी अबोला धरेल, तोही नेमका चढावर.
उजव्या मागच्या चाकाशी हात घाल,
चपलेच्या टाचेने एक टोला, रागाने नाही.
बोलतो.
आणि न थांबता वाजतच राहिला,
तर कुठेतरी गळतंय. चावी काढ, खाली उतर, लांब उभी राहा.

हातोडा डिकीत आहे. तो विकलेला नव्हता,
पण राहू दे.

आता फिरव.
अर्धीच.