चालकाचे नाव

फुलेवाडीत, पिठाच्या गिरणीशेजारी,
मगदूमांच्या फाटकात ट्रेलर अडकून बसलाय.
मी येईपर्यंत हलवू नका म्हटलं होतं,
तर खरंच हलवला नाही त्यांनी.
चार दिवस घरची माणसं
कुंपणाच्या फटीतून ये-जा करतायत,
दूधवालासुद्धा.

मी टेप काढते. डावा मागचा कोपरा,
एकशे चाळीस सेंटिमीटर. पत्रा आत,
फायबर उलगडलेलं, खिडकीची काच
आतल्या गादीवर सांडलेली,
ओट्यावर अर्धा कांदा, सुरीसकट.
रबराला आणि प्लॅस्टिकला निम्मा घसारा,
फायबरला तीस टक्के.
काचेला घसारा नसतो.
फुटेपर्यंत ती नवीच असते,
असं कंपनी धरून चालते.

बाहुबली मगदूम, तीस वर्षं दूध संघात हिशेबाला,
फॉर्म भरून क्लिप लावून तयार.
नुकसानीचे कारण : फाटकाचा खांब.
चालक : स्वतः.
उद्यमनगरच्या सिकंदर मुजावरचं एस्टिमेट सोबत,
त्रेसष्ट हजार चारशे.
सिकंदरनंच बांधलाय हा ट्रेलर,
त्यामुळे आकडा लिहिताना
त्याचा हात जरा जड पडलाय, मायेनं म्हणा हवं तर.

जीपचा फोटो घ्यायला दार उघडलं,
तर सीट पार स्टिअरिंगला चिकटलेली.
आरसा खाली वाकवलेला.
मगदूम सहा फूट.
मी दार लावलं. अठरा वर्षं या कामात आहे,
दार कसं लावायचं ते कळतं मला.

मग बाई आल्या चहा घेऊन.
त्रिशलाकाकू, पाच फूट असतील नसतील.
बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या,
"तेवढं नाव खोडा. मी चालवत होतो."

मगदूम बघायला लागले गिरणीकडं.

"मेसेजात मी तसंच लिहिलंतं,
मी चालवत होतो, खांब लागला.
पुण्याच्या पोरानं 'होतो' वाचलं
आणि ह्यांना बसवलं गाडीवर.
हे पण बसले गप."

मी उजळाईवाडीची. माझी आई अजून
'मी आलो' म्हणते, 'मी जेवलो' म्हणते.
पुण्याच्या पोराला काय माहीत,
इकडं क्रियापद बाईलाही पुरतं.

"लायसन?"
"शिकाऊ. हे शेजारी होते, ह्यांचं पक्कं हाय."
"एलची पाटी?"
डॅशबोर्डमधून पुठ्ठा निघाला,
नेलपॉलिशनं काढलेला एल.
"आणि मागं?"
"मागं ट्रेलर होता. त्याला लावायचा राहिला."

"बाई, त्रेसष्ट हजार," मगदूम गिरणीला म्हणाले.

"असू देत त्रेसष्ट हजार.
तळकोकणातनं निघाले ते मी.
करूळचा घाट मी चढवला, मागं हे धूड,
समोरनं वाळूचे ट्रक,
हे सगळा रस्ता डोळे मिटून णमोकार म्हणत होते.
घाटात ओरखडा नाही एक.
दारात येऊन लागला खांब, लागला.
पण घाट कुणी चढवला ते
कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?"

नाही तसा रकाना.
मी खोडलं, वर बारीक अक्षरात
सौ. त्रिशला बाहुबली मगदूम,
बाजूला माझी सही.
मागच्या पाटीचं आहे तसं लिहिलं.
कंपनी काय करेल, सांगता येत नाही,
तसं त्यांना सांगितलंही.
खाली शेऱ्याच्या जागेत दोन ओळी उरतात नेहमी,
त्यात लिहिलं : प्रवासातील घाटभागात
वाहनास अन्य कोणतीही इजा नाही.
याला कुणी विचारलं तर
म्हणेन, तांत्रिक माहिती आहे.

"आता हलवू शकता," मी म्हटलं.
काकू चढल्या जीपमध्ये.
सीट सरकवावी लागली नाही.
मगदूम मागं जाऊन उभे राहिले,
एक हात पत्र्याच्या पोचावर,
"हां... पुढं... जरा पुढं... बास, बास म्हणतोय न्हवं!"

ट्रेलर सुटला. खांब मात्र
तसाच कलून राहिला गिरणीच्या अंगाला.
त्याचा विमा नव्हता.