मध्यंतर

पावतीपुस्तकावर आमचं नाव 'मालव तरुण फुटबॉल संघ',
पण छावणीपासून जुन्या इंदुरापर्यंत सगळे म्हणत नाकेवाले.
मैदानाच्या कडेला जकातीचं नाकं होतं
आणि बरोबर मधून हद्द जायची.
अलीकडचा गोल होळकरांच्या राज्यात,
पलीकडचा रेसिडेन्सीत,
आणि मध्यावर गुडघाभर उंच हद्दीचा दगड.
सामन्याआधी त्याला पोतं गुंडाळत,
कुणाची नडगी फुटू नये म्हणून.

हे मी पाहिलेलं नाही.
मी चिटणीस झालो तेव्हा उरलं होतं
एक कपाट, कान तुटलेला एक कप
आणि कार्यवाहीच्या सात वह्या.
हमीद जिल्दसाजने बांधलेल्या.
तो आमचा सेंटर हाफ. त्याची शिवण अजून सुटलेली नाही.

वही पहिली. बॉल महूहून आला,
पलटणीच्या मोचीने शिवलेला.
नाकेदार दिघ्यांनी चामडी मालाचे साडेतीन आणे मागितले.
आमचे म्हणाले, हा तर संध्याकाळभर
इकडून तिकडे जाणार, दर खेपेला द्यायचे का?
दिघ्यांनी टाक कानामागून काढला, बराच वेळ विचार केला,
आणि लिहिलं : 'परतीच्या बोलीवर.'
इतक्या वेळा परत आलेला माल
त्या नाक्याने दुसरा पाहिला नसेल.

वही चौथी. बेचाळीस सालचा मार्गशीर्ष.
बॅकला मोरेश्वर टेंबे, तारायंत्राच्या तारा कापलेला पोरगा.
वॉरंट रेसिडेन्सीचं. होळकरी हद्दीत हात लावायचा
तर कागद लागत, आणि कागदांना वेळ लागे.
बॅकने आपल्या अर्ध्यातून हलायचं नसतं.
टेंबे हलला नाही.
पलीकडे रेषेला टेकून दोन शिपाई
भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.
त्यांना घाई नव्हती. मध्यंतरानंतर
बाजू बदलतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पंच बर्जेससाहेब, महू लाइनीवरचे गार्ड.
त्यांच्या शिट्टीशिवाय गाडी हलत नसे.
पंचेचाळीस मिनिटं झाली.
साहेबांनी घड्याळ पाहिलं,
शेंगांच्या टरफलांचा ढीग पाहिला,
आणि शिट्टी खिशात टाकली.

खेळ चालूच राहिला.
ताटातल्या लिंबाच्या फोडी वाळून गेल्या.
गोलात गेंदालाल ओरडत होता, साहब, टाइम!
मग त्याच्याही लक्षात आलं,
आणि तो नको तितक्या मोठ्याने खोकू लागला.
महूची पोरं धापा टाकत होती, पण एकानेही
हात वर केला नाही.
आम्ही शून्य-चारने हरलो.
त्यातला एक टेंब्याने आपल्याच गोलात मारला.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो
खान नदीच्या काठाने अंधारात गेलेला होता.
पुढे वह्यांत त्याचा खेळ नाही.
फक्त वर्गणी. दरमहा दोन आणे, बाकी, बाकी, बाकी,
सन पन्नासपर्यंत.
कुणी नाव कापलं नाही.

तोवर हद्दच उठली होती.
दगड काढायला दोन बैल लागले,
वर होता त्याच्या दुप्पट खाली निघाला.
हमीदमियां म्हणत, तेव्हापासून आपला खेळ बिघडला,
मध्य कुठे आहे तेच कळेना.
मग गिरण्या बंद पडल्या, जर्सीचे पैसे देणारे गेले,
आता तिथे क्लासच्या पोरांच्या स्कूटी उभ्या असतात.
परवा एकीने विचारलं, काका, काय शोधताय?
म्हटलं, सेंटर.
तिने समोरच्या कोचिंगकडे बोट दाखवलं.

त्या सामन्याची नोंद मात्र तीन ओळींची आहे.
निकाल. वर्गणी जमा, पावणेदोन रुपये.
आणि हमीदच्या गोल, सावकाश अक्षरात :
'मध्यंतर झाले नाही.
कारण, पावसाची लक्षणे.'

मार्गशीर्षात.