सातवा रकाना

वार्षिक अहवालाचा तक्ता आलाय बेळगावहून.
रकाना सातवा : विभागाची कामगिरी.
शोधनिबंध किती, विद्यार्थी किती,
पुरस्कार असल्यास छायाप्रत जोडा.

मी लिहिते : उसाचं वाढं, युरियाची प्रक्रिया,
पचनीयता बावन्न टक्के.
आणि पेन थांबतं.

पहिल्या वर्षी, चिक्कोडीच्या माळावर
पत्र्याच्या गोठ्यात ओळीनं उभे होतो बारा जण.
समोर चंद्री म्हैस,
डाव्या कुशीला बसवलेली रबराची गोल खिडकी.
मगदूम बाईंनी बूच काढलं
तसा आमच्या सदलग्याच्या परड्यातला वास आला,
फक्त आतून.

"कै हाकु," बाई म्हणाल्या,
मग माझं तोंड बघून,
"घाल की गं हात, ती काय परीक्षक आहे?"
घातला, कोपराच्या वर.
आत कुणीतरी सावकाश कणीक मळत होतं
आणि चंद्री डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती,
हात दुसऱ्याच कुणाच्या पोटात असल्यासारखी.

मग वाढ्याच्या चुऱ्याच्या नायलॉनच्या पिशव्या,
दोऱ्याला बांधून आत सोडलेल्या,
अठ्ठेचाळीस तास.
रात्री दोनला भरमानं ओढून काढायच्या,
पाणी नितळ येईपर्यंत धुवायच्या.
वाळवून, तोलून, तोच आकडे सांगायचा :
"ऐवत्तेरडु."

कानडीत पन्नास आधी येतात,
मराठीत दोन.
झोपेत मी पंचवीस लिहिलं.
बाईंनी वही मिटली, एवढंच म्हणाल्या,
"चंद्रीनं पचवलं ते तू पुसलंस."
पुन्हा अठ्ठेचाळीस तास.
भरमा काही बोलला नाही,
खिडकीच्या कडेला माशा बसू नयेत म्हणून
कडुनिंबाचं तेल लावत राहिला.

कब्बूरचा एक जण विचारायला आला होता,
तोडणी चालू आहे, वाढं पडून आहे, घालू का जनावरांना?
बाई म्हणाल्या, "आधी एकीला. आठ दिवस. मग ये."
नवव्या दिवशी तो आला,
सोबत दुधाची किटली, झाकणाखाली केळीचं पान.
त्याची छायाप्रत नाही.

बाई निवृत्त झाल्या, चंद्री गेली.
भरमा कोळी, रोजंदार,
एकाही निबंधात नाव नाही.
मी शोधलं, माझ्याही नाही.

तक्ता उद्या पाठवीन. बाहेर बारा जण उभे आहेत,
रायबागचा एक पोरगा हात खिशात लपवून.
ही म्हैस नवी आहे, तिचं नाव अजून ठरलेलं नाही.
मी बूच काढते,
आणि तोंडातून आधी येतं ते
कानडीच :
"कै हाकु."