दात नसलेला झेंडा

मुहर्रकच्या मासळीबाजारामागे माझं दुकान.
एक मशीन, एक इस्त्री,
आणि एसी, जो गारव्यापेक्षा आवाज जास्त देतो.
ऑगस्टात इथली हवा पिळता येते
ओल्या पंचासारखी.

तार्सिनी आली शुक्रवारी.
मॅडमनं दिलेल्या दोन तासांतला अर्धा
रस्त्यातच वितळलेला.
मला म्हणाली, "पाक".
मी दचकलो.
शेजारच्या गाळ्यातला लाहोरी न्हावीही वस्तरा थांबवून बघू लागला.
तिच्याकडे बापाच्या वयाच्या माणसाला असं म्हणतात,
हे कळेपर्यंत मी आपला
एकतारी-दोनतारीच्या विचारात.

झेंडा हवा होता. वर लाल, खाली पांढरा.
सतरा तारखेला त्यांचा स्वातंत्र्यदिन.
"आमच्या दोन वर्षं आधी," मी बोटं मोजली.
"आणि दोन दिवस उशिरा," ती म्हणाली.

कापड होतंच, गेल्या डिसेंबरचं,
बहारीनच्या राष्ट्रीय दिनातून उरलेलं.
लाल तेच. पांढरं तेच.
वीस वर्षं हे हात एकच झेंडा शिवतायत,
त्यांनी मला विचारलं नाही.
पांढऱ्याचे पाच दात लालात
सपासप बसवून मोकळे झाले.

ती बघत राहिली. मग खुदकन:
"पाक, आमचा झेंडा चावत नाही."

उसवत बसलो.
तिनं फोन काउंटरवर ठेवला. एका बाईचा आवाज, वर बासरी,
आणि खाली ढोल, असा काही लडिवाळ
की पायाखालचं पेडल आपोआप ठेक्यात.
"डांग-डुट," ती म्हणाली, "ढोल बोलतो तेच नाव.
शहरातली मोठी माणसं आधी नाकं मुरडायची.
आता त्यांच्या पोरींच्या लग्नातही हेच लागतं."

कापसाला ती कापास म्हणाली.
रेशमाला सुत्रा.
म्हणजे आमचं सूत
तिकडे जाऊन रेशीम झालं, आणि आम्हाला
कुणी कळवलंही नाही.

"आणि देशाला?"
"तानाह आइर."
तानाह माती, आइर पाणी.
मी बाहेर पाहिलं.
इथली माती समुद्रात भर घालून केलेली,
इथलं पाणी समुद्रातून गाळून काढलेलं.
ती पण तिकडेच बघत होती.
बराच वेळ फक्त मशीन बोललं.

अठराच्या पहाटे व्हिडिओ आला.
बायका हात मागे बांधून उड्या मारतायत,
दोरीला टांगलेले पापड तोंडानं पकडायला;
तार्सिनीच्या दातांत एक अख्खा, डोळे मिटलेले.
काठीवर वकिलातीचा झेंडा, केवढा तरी.
माझा कुठे दिसेना.

मग दिवे गेले. दोघींनी तो ताणून धरला,
मागून कुणी टॉर्च मारला,
आणि पुठ्ठ्याचे राजे उभे राहिले.
पांढऱ्यावर लख्ख काळे,
लालात चढले की रक्तात बुडाल्यासारखे मंद.
पिंगुळीला आत्याच्या शेजारी ठाकरांचं अंगण होतं,
पडद्यामागे दिवा, चामड्याच्या बाहुल्या,
आणि मी झोपेत आत्याच्या मांडीवर.
ह्यांची नाकं जास्त टोकदार, हात गुडघ्याखाली,
पण भांडण तेच, भावाभावांचं, ओळखीचं.
भाषेतलं अक्षर कळलं नाही
तरी कोण हरणार ते मला माहीत होतं.

बहिणीला पाठवला. तिचा उलट प्रश्न:
"ह्यो खंयचो झेंडो?"
लिहायला घेतलं, पुसलं.
लिहिलं, "शिवलंय मी."

डिसेंबर आला. साठ झेंड्यांची ऑर्डर.
पहिलाच सरळ शिवला गेला, एक दात नाही.
आडवा धरला तर तिचा.
चिंध्यांच्या पोत्यात टाकायला उठलो,
तेवढ्यात न्हाव्यानं चहा आणला.
घाईनं घडी घालून
बटणांच्या खणात ठेवला.