वालपराइसो, हिवाळी सुट्टी

बस उताराला लागली तशी माइतेनं विचारलं,
"आधी समुद्र की आधी जेवण?"
ब्रूनोला फक्त शू लागली होती.

रुळांवरून टेकडी चढणारा डबा बंद.
दुरुस्तीची पाटी मी इथे कामाला होतो
तेव्हाचीच असावी.
मग पायऱ्या. माइते मोजत निघाली,
एकशे चाळीसला कुत्रं आडवं पसरलेलं,
तिथे तिचा आकडा सांडला.

वर पोचून मी बोट दाखवलं:
ती निळी क्रेन, डावीकडून तिसरी.
सात वर्षं त्या काचेच्या खोक्यात.
"वरून काय दिसायचं, पापा?"

देवमासे, वादळं, रात्रीची जहाजं,
ताल्काहून येताना सगळं जुळवून ठेवलं होतं.
तोंडातून निघालं:
"खालच्या माणसाचं पिवळं हेल्मेट.
त्याच्यावरून नजर हलवायची नाही."

ब्रूनो कठड्याला पोट टेकून बघत राहिला.
एम्पनाडाचा रस कोपरापर्यंत ओघळला.
पुष्कळ वेळानं म्हणाला,
"आहे. आज दोघं आहेत."
मी समुद्राकडे बघितलं, जरा चोरूनच.

उतरताना कुत्रं तिथेच.
माइते वळली, त्याला ओलांडून
पुन्हा वर चढायला लागली,
एकशे एक्केचाळीस, एकशे बेचाळीस.